माइक बंद, तोंड चालू

भिवंडीच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं वकिली करतो आहे. त्यातली निदान वीस वर्षं 'तारीख मिळावी' एवढ्या दोन शब्दांवर निघाली. ही काही फुशारकी नाही. माझ्याहून ज्येष्ठ मंडळी नुसत्या खोकल्यावर तारीख मिळवत. आमच्यातले एक वकील उभे राहून घसा साफ करायचे, की साहेब निमूटपणे पुढचा महिना चाळायला लागायचे.

मग कोर्टात संगणक आला. आता सगळं कागदाविना होणार, हे आम्हाला ज्या कार्यशाळेत सांगितलं, तिथे दारातच प्रत्येकाच्या हातात चाळीस पानांची पुस्तिका ठेवली गेली. तेव्हापासून आम्ही दावा आधी टाइप करतो, मग छापतो, त्यावर सह्या करतो, सह्या केलेलं स्कॅन करतो, स्कॅन केलेलं ऑनलाइन दाखल करतो आणि दाखल झालेलं पुन्हा छापून खिडकीवर नेऊन देतो. कारण खिडकीवरचा कारकून म्हणतो, "ते वरती गेलं असेल, वकीलसाहेब. आमच्याकडे खाली काय आलं?" झाडं वाचवायच्या या मोहिमेत वाडा तालुक्याकडचं अर्धं जंगल संपलं असावं. मी मोजायला गेलो नाही, पण अंबाडी नाक्यावर उभं राहिलं की हल्ली उजेड जास्त येतो.

हेही मी हसत सोसलं. पण साक्षीदार जेव्हा कोर्टातून उठून टीव्हीत जाऊन बसला, तेव्हा माझं हसू आटलं. कारण त्या दाव्यात एका बाईची खोली पणाला लागली होती.

बाई माझी अशील. साठीच्या आसपासची. मी तिला मावशी म्हणतो, ती मला वकीलभाऊ म्हणते. आतल्या गावाकडून लग्न होऊन कामतघरात आली, वीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, नवरा गेला, आणि पुढे त्याच दहा बाय बाराच्या खोलीत तिने भिशी चालवायला घेतली. आमच्याकडे भिशी म्हणजे लूम कामगारांची खानावळ. नऊ माणसं दोन्ही वेळ तिच्याकडे जेवतात. भाकरी, एक कालवण, आणि बुधवार-शुक्रवार सुकट, म्हणजे सुकी मासळी.

चाळ एका शेठची. शेठचे लूमचे कारखाने दोन, पूर्ण्याला गोदामं चार, आणि डोळ्यांसमोर सतत पाचवं. चाळ पाडून तिथे इमारत उठवायची होती. बाकीच्यांना त्याने गोडीगुलाबीने हलवलं किंवा घाबरवून गप्प बसवलं. मावशी हलेना. तेव्हा त्याने दावा लावला की ही खोली गेले चौदा महिने कुलूपबंद आहे, बाई गावी राहते, वापर नाही, तेव्हा ताबा द्या.

कायद्यात असं आहे. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक ती परत मागू शकतो.

आता कोणीही म्हणेल, यात काय अवघड? नऊ माणसं रोज जेवतात, नऊच्या नऊ उभी करा, दावा ढेकर देऊन निघून जाईल. मीही पहिल्या दिवशी असंच म्हणालो आणि टेबलावर हात आपटला. मग तो हात हळूच उचलून खिशात ठेवला. कारण त्याच कायद्यात थोडं पुढे असंही आहे, की राहायला दिलेली खोली धंद्याला वापरली तरीही मालक ती परत मागू शकतो. म्हणजे खोली बंद होती म्हटलं तर जाते, आणि भिशी चालू होती म्हटलं तरी जाते. मावशीला हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजे मी घरात हाय हे दाखवायचं, पण काय करतंय ते न्हाय दाखवायचं?"

"अगदी बरोबर."

"मग तुमचा कायदा भुताखेतांसाठी केलाय का?"

दुसरा पुरावा शोधावा, तर विजेचं मीटर शेठच्या नावावर, नळ सामाईक, भाड्याची पावती त्याने कधी दिली नाही. गॅसच्या पावत्या होत्या. त्या मी मोठ्या आशेने पाहिल्या आणि लगेच घडी घालून परत दिल्या. एकट्या विधवेला इतके सिलिंडर लागत असतील, तर ती एकतर भिशी चालवते, नाहीतर विमान. शेजारी साक्ष देईनात, कारण शेजारी शेठच्याच खोलीत राहतात आणि शेठच्याच कारखान्यात ड्युटीला जातात.

शेठने मात्र शेजारीच साक्षीला आणला. मावशीच्या समोरच्या खोलीत राहणारा जॉबर. जॉबर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा कारागीर. हा शेठच्या कारखान्यातला, आणि गंमत म्हणजे चार वर्षं मावशीच्याच भिशीत जेवणारा. नऊतला नववा. दाव्यात शपथपत्रावर अंगठा उठवला त्या दिवसापासून त्याने तिच्याकडे येणं बंद केलं आणि नाक्यावरच्या वडापाववर राहू लागला.

त्याचं शपथपत्र वाचून मी खुर्चीतून पडायचा राहिलो. शेठचे वकील नव्या जमान्याचे. ते हल्ली मसुदा स्वतः लिहीत नाहीत, मोबाइलमधल्या यंत्राला सांगतात आणि ते यंत्र लिहून देतं. त्या यंत्राने आमच्या जॉबरच्या तोंडी घातलं होतं: 'मी सदर निवासी एककाच्या वापरविषयक गतिशीलतेचे सातत्यपूर्ण निरीक्षण करीत आलो आहे.' हा माणूस अख्खा पाना, पक्कड आणि शिव्या यांवर जगणारा. त्याने आयुष्यात 'गतिशीलता' हा शब्द ऐकला असता, तर त्याला तेल घातलं असतं.

उलटतपासाची तारीख लागली आणि शेठच्या वकिलांनी अर्ज दिला. साक्षीदाराला कंबरेचा तीव्र त्रास आहे, प्रवास वर्ज्य आहे, सबब त्याची साक्ष व्हिडिओवरून घ्यावी. कामतघरातून कोर्टापर्यंत रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात, खड्डे मोजत गेलात तर अठरा. मी जोरदार हरकत घेतली. म्हणालो, "मॅडम, हा माणूस काल लूमच्या खाली उलटा झोपून बोल्ट आवळत होता."

"तुम्ही पाहिलंत?" मॅडमनी विचारलं.

मी पाहिलं नव्हतं. पण जॉबर लोक कसे झोपतात ते मला ठाऊक आहे.

या न्यायाधीश मॅडम विदर्भातून नुकत्या बदलून आलेल्या, वयाने माझ्याहून निम्म्या आणि डोक्याने दुप्पट. त्यांनी अर्ज मंजूर केला. कोर्टात सुविधा दिली आहे तर ती वापरायची, असं त्यांचं म्हणणं, आणि तत्त्वतः ते खोडता येण्यासारखं नव्हतं. अट एवढीच घातली, की साक्षीदाराच्या खोलीत एक जबाबदार समन्वयक असेल आणि त्याच्याशिवाय दुसरं कोणी नसेल. समन्वयक म्हणून शेठचा पुतण्या नेमला गेला. माझ्या हरकतीचा कागद तेवढा स्कॅन झाला.

त्या दिवशी भिंतीवरचा मोठा टीव्ही चालू झाला आणि त्यात जॉबर दिसला. पूर्ण्याच्या गोदामातल्या थंडगार ऑफिसात, गुबगुबीत फिरत्या खुर्चीत. कंबरेचा रोगी खुर्चीसकट डावी-उजवीकडे झोके घेत होता.

"खोलीत आणखी कोणी आहे का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय मॅडम. मी आन् हा पुतण्या," जॉबर म्हणाला, आणि त्याच क्षणी डावीकडून एक हात आला, मनगटात सोन्याचं जाडजूड कडं असलेला, आणि त्याच्यापुढे चहाचा कप ठेवून परत गेला. पुतण्या उजवीकडे उभा होता.

"तो हात कोणाचा?"

आवाज बंद. पडद्यावरच्या माइकवर लाल काट मारलेली. दहा सेकंदांनी आवाज परत आला. "नेटवर्क गेलं व्हतं मॅडम. हात शिपायाचा."

भिवंडीत सोन्याचं कडं घालणारा शिपाई मी अजून शोधतो आहे. सापडला तर त्याच्याकडेच नोकरी मागणार आहे.

मी उलटतपासाला उभा राहिलो. नाव विचारलं, नेटवर्क खणखणीत. वय विचारलं, खणखणीत. गाव विचारलं, तर इतकं स्पष्ट उत्तर आलं की गावची ग्रामदेवतासुद्धा ऐकू आली असावी. मग विचारलं, "खोलीला कुलूप कधीपासून?" आणि नेटवर्क गेलं. लाल काट. जॉबरने मान डावीकडे वळवली, तोंड हललं, मान परत सरळ झाली, काट गेली. "चौदा महिने झालं सायेब."

"कुलूप कुठल्या कंपनीचं? पितळी की लोखंडी?"

लाल काट. मान डावीकडे. मान सरळ. "लोखंडी."

असं सहा वेळा झालं. शेठचे वकील प्रत्येक वेळी हात पसरून म्हणायचे, "तांत्रिक अडचण आहे, मॅडम, त्याला कोण काय करणार?" सातव्यांदा काट लागली, मान वळली, आणि मागच्या बाकावरून मावशीचा आवाज कडाडला.

"विचारतोय, किती महिने सांगितलं व्हतं मगाशी! चौदा का पंधरा!"

मॅडमनी चष्मा सरळ केला. "बाई, बसा. तुम्हाला ऐकू कसं आलं? आवाज बंद आहे."

"ऐकू कशाला यायला पाह्यजे? तोंड दिसतंय की."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. लूमच्या कारखान्यात आवाज एवढा असतो की कानाशी फटाका वाजला तर माणूस विचारेल, कोणी शिंकलं का? तिथे ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून लूमवरची माणसं आवाज काढतच नाहीत. तोंड मोठं उघडून, ओठ ताणून, अक्षर अक्षर हवेत मांडतात, आणि चार ओळी पलीकडचा ते वाचतो. हात मदतीला असतात. मी स्वतः लूमवाल्याचा पोरगा. माझे वडील घरी आले तरी तसेच बोलायचे, निव्वळ सवयीने. आईही त्याच कारखान्यातली. त्यांचं भांडण झालं की चाळीतले लोक खिडकीशी जमायचे. ऐकायला काही नसायचं, पाहायला यायचे. एकदा तर भांडण इतकं रंगलं, की समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याने खुर्ची आणली आणि मधल्या वेळात चहा मागवला.

म्हणजे झालं असं, की शेठने माइक बंद केला आणि समजला आता सगळं झाकलं गेलं. मुंबईच्या ऑफिसातल्या माणसाच्या बाबतीत झाकलं गेलंही असतं. तो बिचारा ओठ न हलवता कुजबुजला असता. आमचा जॉबर पंचवीस वर्षं लूमवर काढलेला. आवाज बंद झाल्याबरोबर त्याचं तोंड आपोआप कारखान्यातलं झालं. पंचावन्न इंची पडद्यावर, उत्तम प्रकाशात, तो शेठशी गप्पा मारत होता, जणू मध्ये सोळा लूम चालू आहेत. आणि मलाही ते पहिल्या काटेपासून वाचता येत होतं. मी गप्प होतो, कारण वकिलाने 'मला ओठ वाचता येतात' असं सांगितलं की त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतात आणि वकीलपत्र जातं. मावशीला तसली भीती नव्हती.

शेठचे वकील उसळले. "मॅडम, हा काय जादूचा प्रयोग चाललाय? उद्या म्हणतील आम्ही मनातलंही वाचतो!"

मी म्हणालो, "माझ्या विद्वान मित्रांनी घाबरू नये. त्यांच्या मनातलं वाचायला काही असेल, असा आमचा आरोप नाही."

मॅडमनी दोघांनाही बोटाने खाली बसवलं आणि आमच्या बाजूचाही माइक बंद करायला लावला. मागच्या बाकावर तीन लूम कामगार दुसऱ्याच कुठल्याशा मारामारीच्या प्रकरणासाठी बसले होते. आम्हाला अनोळखी. पडद्यावर लाल काट अजून होती आणि जॉबर अजून डावीकडे बघून काहीतरी बोलत होता. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तिघं एकेक करून पुढे या. तो आत्ता काय म्हणाला ते माझ्या स्टेनोच्या कानात सांगा. मोठ्याने नाही."

पहिला गेला, कानात बोलला. स्टेनो बाईंनी टाइप केलं. दुसरा गेला, बोलला. बाईंनी पहिल्या ओळीकडे पाहिलं आणि ओठ चावले. तिसरा तर हसतच गेला.

"वाचा," मॅडम म्हणाल्या.

स्टेनो बाई माझ्याकडे न बघता वाचू लागल्या. "तिघांचंही एकच आहे, मॅडम. 'शेठ, ह्या वकिलाचं थोबाड टीव्हीत लई मोठं दिसतंय, आन् चहात साखर न्हाय.'"

शिपाई हसला, मारामारीवाले हसले, शेठचे वकील तर नको इतके हसले. मी माझ्या आयुष्यात स्वतःच्या थोबाडाचा एवढा अभिमान कधी बाळगला नाही. पुरावा म्हणून ते त्या दिवशी उपयोगी पडलं.

मॅडमनी हुकूम लिहवला. तो मी अजून फाइलच्या वर ठेवतो. ओठ वाचून सांगितलेलं पुराव्यात घेण्याची तरतूद नाही, सबब त्यातलं काहीही ग्राह्य नाही. परंतु माइक बंद असताना साक्षीदार वारंवार एका बाजूला तोंड करून बोलत होता, हे न्यायालयाने स्वतः पाहिलं आहे. व्हिडिओची सवलत रद्द. साक्षीदाराने कोर्टात समक्ष हजर राहावं. साक्ष होईतो मालकाने बाहेर थांबावं.

थोडक्यात, अठरा लाख कल्पना लढवून यंत्र आणलं, आणि न्याय मिळवायचा तर माणसाला रिक्षातच बसवावं लागलं. तारीख पडली साडेतीन महिन्यांनंतरची. तातडीची होती म्हणून.

मधल्या काळात मावशी दोनदा माझ्या ऑफिसात आली. एकदा डबा घेऊन, एकदा रिकाम्या हाताने. रिकाम्या हाताने आली तेव्हा तिने सरळ विचारलं, "वकीलभाऊ, खोली गेली तर मी जायचं कुठं, तेवढं सांगा. गावात भावजयींचं राज्य हाय. हितं आठ माणसं माझ्या जिवावर दोन घास खातात, आन् मी त्यांच्या जिवावर." मी भल्या मोठ्या आवाजात सांगितलं की मी असताना काळजी करायची नाही. मी मोठ्या आवाजात बोलतो तेव्हा मला स्वतःलाच काही ठाऊक नसतं, हे तिने ओळखलं असावं. ती पदर खोचून उठली.

मग ती तारीख उजाडली. कंबरेचा रोगी कोर्टाच्या दोन पायऱ्या एका ढांगेत चढून आला. चेहरा उतरलेला, अंगात दोन घरं सैल झालेला शर्ट. वडापावची प्रकृती. शेठला मॅडमनी बाहेर पाठवलं. तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता, कड्याचा आवाज आतपर्यंत येत होता. मावशी मागच्या बाकावर पंख्याखाली बसली होती, जॉबरच्या अगदी समोर.

मी सुरुवात केली. "सदर निवासी एककाच्या वापरविषयक गतिशीलतेचं निरीक्षण तुम्ही करत आलात, हे खरं?"

"काय?"

"तुमच्याच शपथपत्रातलं आहे."

तो मॅडमकडे बघून म्हणाला, "मॅडम, ते मी न्हाय लिवलं. मला अंगठा उठव म्हणलं, मी उठवला." शेठच्या वकिलांनी फाइलमध्ये डोकं घातलं. त्यांचं यंत्र त्यांच्या खिशात मुकाट होतं.

"मग तुम्ही सांगा. तुमच्या शब्दांत. समोरच्या खोलीचं दार चौदा महिने बंद होतं का?"

बाहेर कडं वाजलं. या माणसाचंही घर शेठचं, कामही शेठचं, हे मला दिसत होतं. त्याने मावशीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं असावं, आणि तिने त्याही दिल्या नाहीत.

"न्हाय," तो म्हणाला.

"काय नाही?"

"बंद न्हवतं. उघडं असायचं. सकाळपासून उघडं."

मी तिथेच खाली बसलो. सव्वीस वर्षांत मी एवढ्या चपळाईने कधी बसलो नाही. उलटतपासात हवं ते उत्तर मिळालं की आणखी एक प्रश्न विचारायची जी खाज सुटते, तिने आमच्यातल्या निम्म्या वकिलांचे दावे बुडवलेत. आणि इथे तर पुढचा प्रश्न म्हणजे सरळ विहीर होती.

पण माझं शहाणपण समोरच्याला कोण शिकवणार? शेठचे वकील उठले. फेरतपासाची परवानगी घेतली, कपाळ पुसलं आणि नेमका तोच प्रश्न विचारला. "दार उघडं होतं, हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर दिवसभर कारखान्यात असता. त्या खोलीत तुमचं काय काम?"

खरं उत्तर एकच होतं. 'मी तिथं जेवतो.' हे तीन शब्द बोलला असता, तर एका दाव्यातून सुटलेली मावशी दुसऱ्या दाव्यात गळ्यापर्यंत बुडाली असती. भिशी, धंदा, खोली खाली करा. जॉबरने तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर ते आलं होतं, मला दिसत होतं.

आणि मी मागे वळून पाहिलं, तर मागच्या बाकावर मावशीचे ओठ हलत होते. आवाज नाही. मोठं तोंड, ताणलेले ओठ, अक्षर अक्षर हवेत: 'जे-व-णा-चं बो-लू न-को.'

मी ते वाचलं. पूर्ण कोर्टात ते दोघांनीच वाचलं, जॉबरने आणि मी. मॅडम नोंद लिहवत होत्या, स्टेनो बाई कीबोर्डवर, मारामारीवाले त्या दिवशी नव्हते. वकील हा आधी न्यायालयाचा अधिकारी आणि मग अशिलाचा माणूस, असं आम्हाला शिकवलेलं आहे. साक्षीदाराला कोणी पढवत असेल तर उठून सांगणं हे माझं कर्तव्य होतं. व्हिडिओच्या अर्जावर 'साक्षीदाराला पढवतील' म्हणून मी असा गरजलो होतो की छतावरची कबुतरं उडाली होती. पण त्या क्षणी माझं पेन खाली पडलं. मी ते टेबलाखाली शोधायला वाकलो, आणि पेन सापडायला बराच वेळ लागला. खरं तर ते माझ्या हातातच होतं.

टेबलाखालून मी जॉबरचा आवाज ऐकला. "वास यायचा सायेब."

"कसला वास?"

"सुकटीचा. बुधवारी आन् शुक्रवारी. मी दुपारच्या सुट्टीत खोलीवर येतो ना. बंद घरातनं सुकटीचा वास कसा येईल?"

"एका बाईच्या स्वयंपाकाचा वास तुमच्या खोलीपर्यंत?" वकिलांनी टोमणा मारला.

जॉबरने उत्तर द्यायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही सुकट कधी खाल्ली आहे का?"

"नाही, मॅडम."

"मीही बदलून आल्यावरच पहिल्यांदा वास घेतला. माझ्या क्वार्टरच्या तीन घरं पलीकडे करतात. लिहा," त्या स्टेनोकडे वळल्या, "साक्षीदार नैसर्गिकपणे उत्तर देत आहे."

मी वर आलो तेव्हा माझं पेन माझ्या हातात होतं आणि दावा शेठच्या हातून गेला होता. निकाल पुढच्या महिन्यात आला. दावा फेटाळला. खोलीचा ताबा भाडेकरूकडेच. शेठने वरच्या कोर्टात अपील टाकलं आहे, ऑनलाइन, आणि त्यात त्याच्या वकिलांच्या यंत्राने सुकटीला 'सागरी प्रथिनयुक्त आहार' म्हटलं आहे, त्यामुळे मला फारशी चिंता नाही. जॉबरला शेठने दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कारखान्याने ठेवून घेतलं. बिघडणाऱ्या लूमची भिवंडीत कधी टंचाई पडली नाही. त्याच्या स्वतःच्या खोलीवरून तो अजून शेठशी भांडतोय, आणि त्याचा वकील मी आहे, हे निराळं सांगायला नको.

निकालाची नक्कल घेऊन मी कामतघरात गेलो, दुपारी, जेवणाच्या वेळेला, अगदी चुकून. मावशीच्या खोलीत पंगत बसली होती. नऊच्या नऊ. नववा कोपऱ्यात, खाली मान घालून, तिसऱ्या भाकरीवर. तिने मला दारातच ताट वाढलं. मी नक्कल बाजूला ठेवली आणि जरा अधिकाराने, जरा चढ्या आवाजात, कारण ऐकणारे बरेच होते, म्हणालो, "मावशी, एक गोष्ट चुकीची झाली. कोर्टात साक्षीदाराला पढवायचं नसतं. ते मी पाहिलं बरं का."

पंगत थांबली. मावशीने कालवणाचं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्यापुढे उकिडवी बसली.

"पाह्यलं?"

"पाहिलं."

"मग तवाच का न्हाय बोललात?"

जॉबर घास तोंडात धरून माझ्याकडे बघत होता. बाकीचे आठही. मी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि खाऊ लागलो. तिने माझ्या ताटात आणखी थोडी सुकट वाढली.